वाडवडिलांना बोलावणारी लाडकूबाय

लाडकूबायला कोणी नवीन माणूस भेटलं की ती त्याचं नाव नाही विचारायची. आजोबांचं विचारायची. मग पणजोबांचं. मग पणजोबांना भाऊ किती आणि त्यांतले लहानपणीच गेलेले कोण कोण, हे. आमच्या पॅकिंग खात्यात बिहारची एक पोरगी लागली होती, सुनीता नावाची. पहिल्याच दिवशी बिचारी भेदरलेली. जेवणाच्या सुट्टीत लाडकूबाय तिच्या शेजारी जाऊन बसली आणि म्हणाली, "तेरे आजोबा का बापूस का नाम काय हाय?"

सुनीता माझ्याकडे बघायला लागली. मी समजावून सांगितलं, तर म्हणाली, मालूम नहीं.

"मालूम नहीं?" लाडकूबायने हातातला घास खाली ठेवला. "मग तुज्या लग्नाला येनार कोन गो?"

आम्ही सगळ्या हसलो. सुनीतापण हसली. लाडकूबाय मात्र हसली नाही, कारण ती थट्टा करत नव्हती.

आमच्या या किनाऱ्याच्या पट्ट्यात हळदीच्या दिवशी मांडवात गाणं म्हणून आधी देवांना बोलावतात, आणि मग त्या घरातल्या गेलेल्या माणसांना. नावानिशी. सगळ्यांत जुना आधी, मग त्याच्या खालचा, असं करत करत अलीकडे यायचं. एक बाई पुढे म्हणते, मागच्या पाच-सहाजणी ते नाव झेलतात, म्हणजे तसंच पुन्हा म्हणतात. नाव झेललं गेलं की तो माणूस मांडवात आला असं समजायचं. एखादा राहिला तर तो बाहेर उभा राहून रुसतो. पुढे म्हणणाऱ्या बाईला कागद चालत नाही, आणि लाडकूबायला तर अक्षरही येत नव्हतं. केळव्यापासून आमच्या गावापर्यंत पंचवीस-तीस घरांची माणसं तिच्या डोक्यात ओळीने उभी होती, चार-चार पिढ्यांची. लग्नाच्या दिवसांत तिला बोलावणं आलं नाही असा आठवडा जात नसे.

आम्ही दोघी बोईसरला एमआयडीसीत एकाच टेबलावर एकोणीस वर्षं बसलो. औषधाच्या बाटल्यांची झाकणं मोजून पिशवीत भरायची आणि पिशव्या खोक्यात. लाडकूबायचे हात झाकणांत आणि ओठ सारखे हलत. सुपरवायझरला वाटायचं, बाई देवाचं नाव घेते. तो तिला मान देऊन बोलायचा. ती काय घेत होती ते मला ठाऊक होतं. सोमवारी एका घरची ओळ, मंगळवारी दुसऱ्या घरची, अशी तिची उजळणी चालायची.

एकदा पोरींनी हट्ट धरला की मशीनच्या ठोक्यावर म्हणून दाखव. मशीन छान एका लयीत खडखडायची, खोटं कशाला सांगू. लाडकूबायने दोन ओळी म्हणून बघितल्या आणि सोडून दिलं. म्हणाली, "नाय जमायचं. नाव घेतलं का थांबाया लागतं. तो येऊन बसंपरयंत. ही मशीन थांबते कुठं?"

तिला नवीन गाणी आवडत नव्हती असं मात्र कोणी समजू नका. मला स्वतःला त्या हळदीच्या डीजेने डोकं धरायची पाळी येते. सगळी गाणी एकाच ठोक्यावर, एक संपलं कधी आणि दुसरं लागलं कधी कळत नाही. शब्द तेच, नवरी, हळद, दर्या, नाखवा, नाहीतर नुसतं हुर्र. लाडकूबाय त्यावर नाचायची. कमरेला पदर खोचून, साठी आली तरी. तिची तक्रार एकच होती. म्हणायची, "ठोका झ्याक हाय गो. पन हे बोलवतात कोनाला?" आणि मग त्या गाण्यांत मध्येच डीजे आपलं स्वतःचंच नाव मोठ्या आवाजात टाकतो ना, ते ऐकलं की तिला फार हसू यायचं. "बघ, जित्या मानसाला बोलवतात. तो तर हितंच उबा हाय, पेटीच्या मागं."

आता ती चूक सांगते, कारण त्याशिवाय लाडकूबाय सांगून होणार नाही.

आमच्याच गावातलं घर. त्या घरच्या मुलाची हळद होती. त्या मुलाचा काका दामोदर आतल्या खोलीत खाटेवर होता. पोटाचं दुखणं, मुंबईला नेऊन आणला होता, डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं. मांडवात लाडकूबाय पुढे म्हणत होती, मागे आम्ही सहाजणी. देव झाले, जुनी माणसं झाली. दामोदरचे आजोबा झाले, बापूस झाला, थोरला भाऊ झाला. आणि तिने पुढचं नाव घेतलं, दामोदर.

आम्ही झेललं. सवयच ती. नाव आलं की उचलायचं, विचार कोण करतो. सहाच्या सहाजणींनी मोठ्या आवाजात दामोदरला मांडवात बोलावलं, आणि मग कोणाच्या तरी लक्षात आलं. तेवढ्यात आतून खाटेवरून दामोदरचाच आवाज आला, "अगो, मी हाय अजून. जेवून जाईन म्हनतो."

हसण्याचा एकच फवारा उडाला. दामोदर मोठ्या मनाचा माणूस. त्याने तिला आत बोलावून पाणी दिलं, म्हणाला, लाडकू, घाबरू नको. सगळं निभावलं. चार महिन्यांनी दामोदर गेला. तो जाणारच होता, डॉक्टरांनी सांगितलंच होतं. त्या घरातल्या कोणी तिला एका शब्दाने बोललं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं, भांडण मिटतं तरी. पुढच्या लग्नांना तिला बोलावणं आलं नाही, एवढंच. कुठे पुढे म्हणणारी दुसरी बाई आणली, कुठे नुसताच डीजे लावला. दोन-तीन वर्षांत सगळीकडे डीजेच झाला. मग तिला टाळायची गरजही उरली नाही.

मला वाटायचं, दमलेली असेल, त्या आठवड्यात तीन हळदी झाल्या होत्या, जीभ घसरली. एकदा डबा खाताना मी तसं म्हणाले. ती भाकरीचा तुकडा मोडत होती, मोडतच राहिली. म्हणाली, "जीभ नाय घसरली. मी त्याला आधीच बसवला व्हता."

मला कळेना. मग तिने सांगितलं. दामोदरचं दुखणं ऐकल्यापासून हा काही वर्ष काढत नाही असं तिला कळून चुकलं होतं. उद्या त्या घरात लग्न निघालं आणि ऐन वेळी ओळ तुटली तर पंचाईत, म्हणून तिने दोन महिने आधीपासून, या टेबलावर झाकणं भरता भरता, त्याला भावाच्या मागे उभा करून ओळ घोकायला घेतली होती. म्हणजे तयारी म्हणून. मग मांडवात तोंड उघडलं तसं घोकलेलं बाहेर आलं.

"मी त्याला दोन महिने रोज बोलवत व्हते," ती म्हणाली. "तो आयकनारच ना."

त्यानंतर तिने जित्या माणसाचं नाव घेणं सोडलं. कोणाचंच घेईना. सुनीता झाली 'तीन नंबरच्या टेबलवाली', सुपरवायझर झाला 'चष्मा'. मला इतक्या वर्षांची मैत्रीण असून 'माकुणसारवाली' म्हणायला लागली, माझं माहेर माकुणसारचं म्हणून. लोकांना वाटलं, म्हातारीला विसर पडायला लागला. विसर कसला. विसर पडला असता तर सुटली असती.

त्याच सुमाराला कंपनीने आमच्यासाठी एक कार्यक्रम ठेवला. मोटिव्हेशन म्हणे. जेवणाच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या, मुंबईहून टाय लावलेला एक पोरसवदा माणूस आला. बोलला चांगलं, हिंदीत. पडलात तरी उठा, आयुष्य दुसरी संधी देतं, ती घ्यायची हिंमत पाहिजे, असं. मधूनमधून टाळ्या वाजवायला लावायचा. शेवटी त्याने सगळ्यांना एक-एक चिठ्ठी वाटली आणि सांगितलं, "जो गलती आप को रोक रही है, उसे इस पर लिखो. और फाड़ दो."

लाडकूबायने चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली. मी विचारलं, काय लिहू. तिने बोटाने कागदावर नुसतं ठोकलं, म्हणजे तुला माहीत आहे. मी लिहिलं, दामोदर. सगळीकडे टराटरा कागद फाटायला लागले, गाणंही लावलं होतं जोषाचं. ही आपली चिठ्ठी हातात धरून बसलेली. तो माणूस हसत हसत जवळ आला, माताजी, फाड़ो, डरो मत, म्हणाला.

लाडकूबाय त्याला म्हणाली, "मेल्या मानसाचं नाव हाय, दादा. फाडू कसं?"

त्याला मराठी कळलं की नाही देव जाणे. त्याने तिच्यासाठी टाळ्या वाजवायला सांगितल्या, आणि आम्ही वाजवल्या.

पुढे आम्ही दोघी कामावरून सुटलो. मी घरी बसून हे असं लिहायला लागले. शाळा सातवीपर्यंतच झाली माझी, पण वह्या भरते. लाडकूबाय वाडीत सुपाऱ्या वेचायला जायची, सून बरी होती, दोन वेळचं नीट होतं. गेल्या वर्षी लग्नाच्या मोसमाआधी एक दिवस ती माझ्याकडे धापा टाकत आली. दारातच बसली. दामोदरच्या घरून बोलावणं आलं होतं. दामोदरची नात रुचिता, बोईसरला बँकेत कामाला, तिचं लग्न. मुलीने इंटरनेटवर कुठेतरी अशा गाण्याचा व्हिडिओ बघितला आणि घरात विचारलं की आपल्याकडे हे कोण म्हणायचं. कोणीतरी लाडकूबायचं नाव सांगितलं. मुलगी स्वतः आली होती गाडीवरून. तिला ती जुनी गोष्ट ठाऊक होती. ती म्हणाली, आजी, आमच्या घरात कोणाच्या मनात काही नाही, तुम्हाला दुसरा चान्स मिळालाय असं समजा आणि मस्त फोडून टाका.

"फोडून टाका म्हनली," लाडकूबाय मला सांगत होती. "माकुनसारवाले, आता त्याचं नाव त्याच्या जाग्यावर हाय. आता मी घेतलं तर बरोबर हाय."

तेवढंच तिला हवं होतं. गाणं नको होतं, मान नको होता. त्याच घराच्या मांडवात दामोदरचं नाव एकदा बरोबर जागी घ्यायचं आणि मागच्या बायकांनी ते झेलायचं.

तिने महिनाभर तिखट सोडलं. आलं चघळायची. घरची ओळ पुन्हा पक्की करायला आम्ही दोघी रिक्षाने बेटेगावला गेलो. दामोदरची मोठी बहीण तिथे दिलेली, कमळाआत्या, नव्वदीची, ऐकायला कमी. लाडकूबायला बघताच ती खाटेवरून म्हणाली, "आली काय बया. मी हाय हां अजून. मला नको घालू गान्यात."

आणि खो खो हसली, दात नसलेलं हसणं. मीही हसले. लाडकूबायने वाकून तिच्या पायाला हात लावला आणि तो तिथेच ठेवला, बराच वेळ. कमळाआत्याने सगळी नावं सांगितली, लहानपणी तापाने गेलेली दोन भावंडंसुद्धा. देवांनंतर अकरा नावं, आणि बारावा दामोदर. परत येताना रिक्षात तिने मला अकरापर्यंत म्हणून दाखवलं. बारावं तिने घेतलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, "आता घोकत नाय. तिथंच घेईन."

हळदीच्या दिवशी दिवस मावळायला आम्ही गेलो. सगळं पिवळं. पिवळी कापडं, पिवळे फुगे, पिवळ्या कपड्यांतल्या पोरी. मांडव भाड्याचा, एका दिवसाचा, लग्न पालघरला हॉलवर होतं. दाराशी डीजेच्या पेट्या एकावर एक रचलेल्या, घराच्या पत्र्यापर्यंत. डीजेवाला मुलगा फार सभ्य होता. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं, मावशी मावशी केलं. त्या दिवशी कोणी वाईट वागलं असं मला सांगता आलं असतं तर किती सोपं झालं असतं. सगळेच प्रेमाने वागले.

त्याने लाडकूबायच्या हातात माईक दिला आणि म्हणाला, "मावशी, मागे हळू बीट टाकतो. फिलिंग येईल."

ती म्हणाली, टाक बाबा.

ती उभी राहिली. मागे झेलायला मी एकटी, आणि दोन म्हाताऱ्या, त्यांतल्या एकीला दम. बाकीच्या जुन्या बायका आता त्या ओळीतच जाऊन बसल्या होत्या. रुचिताच्या मैत्रिणी उत्साहाने मागे येऊन उभ्या राहिल्या, पण झेलायचं काय ते त्यांना माहीत नव्हतं, त्यांनी मोबाइल वर धरले. लाडकूबायने देव म्हटले. आवाज बारीक झाला होता तरी जागेवर होता. मग माणसं सुरू झाली. पहिलं नाव घेऊन ती थांबली, आम्ही तिघींनी उचललं, पण आमचा आवाज कुठे पुरणार. त्या थांबलेल्या जागेत मागचा ठोका ऐकू यायचा. दुसरं नाव, तिसरं नाव. पोरांचे पाय हलायला लागले. चौथ्या नावाला लोक नाचत होते. दामोदरच्या पणजोबाच्या नावावर शिट्टी पडली.

सहावं नाव घेऊन ती थांबली, दम घ्यायला जरा जास्तच थांबली. डीजेवाल्यांत म्हणे अशा थांबण्यावरच पुढचा मोठा ठोका सोडतात. त्या मुलाला वाटलं, मावशीने जागा दिली. त्याने गाणं सोडलं.

जमीन हादरली. सगळा मांडव ओरडत मध्ये घुसला. लाडकूबाय माईक धरून तशीच उभी, माईक बंद झालेला. तिचे ओठ हललेले मी पाहिले. सातवं, आठवं, मला वाटतं नववं. मग कोणाचा तरी धक्का लागला आणि मी तिला धरून बाजूला नेलं. रुचिता धावत आली, हळदीच्या हातांनीच तिला मिठी मारली, आजी, तुम्ही कमाल केलीत, म्हणाली. मनापासून म्हणाली. तोवर कोणीतरी तो तुकडा मोबाइलवर टाकलाही होता. पोरी तिला दाखवायला लागल्या. तीन नावं आणि ठोका, संपलं की आपोआप पुन्हा तीच तीन नावं. तिथेच एका बाईने विचारलं, आमच्याकडे मे महिन्यात हळद आहे, आजी येतील का. मी विचारलं, सगळी नावं म्हणू द्याल का. ती म्हणाली, अहो नाही, हे एवढंच, हे छान वाटतं.

दोन दिवसांनी मी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी वसईला लेकीकडे गेले ती तीन महिने तिकडेच. परत आले तेव्हा लाडकूबाय नव्हती. झोपेत गेली, त्रास झाला नाही, सून म्हणाली. त्यामुळे मला ती दिसते ती हळदीनंतरच्या सकाळची.

आठ वाजता ती माझ्या दारात आली. चल म्हणाली. दामोदरच्या घराला कुलूप होतं, सगळे पालघरला निघून गेले होते. मांडववाल्यांचे दोघे कापडं सोडवत होते, एक शिडीवर, एक खाली दोर धरून. पूर्वी मांडव पाच दिवस हलवत नसत, पण त्यांचं तरी काय चुकलं. लाडकूबाय खालच्याला म्हणाली, दादा, पाच मिनट. तो म्हणाला, "गाड़ी खड़ी है, माताजी. जल्दी कर लो."

नवरीचा पाट होता तिथे ती जाऊन उभी राहिली आणि मला म्हणाली, तू झेल. मी म्हटलं, माझ्या एकटीचा आवाज तो काय. "आवाज नको," ती म्हणाली. "नाव उचल तेवडं."

तिने सुरुवात केली. अर्धं कापड निघालेलं, त्यातून ऊन आत आलेलं. ठोका नाही, काही नाही. देव झाले. पहिलं नाव घेऊन ती थांबली, मी उचललं. तो येऊन बसेपर्यंत आम्ही दोघी थांबलो. दुसरं. तिसरं. शिडीवरच्याचेही हात थांबले होते. आजोबा आले, बापूस आला, तापाने गेलेली दोन्ही भावंडं आली. अकरावा, थोरला भाऊ, तोही आला.

मग ती थांबली. मी वाट बघत होते. तिने तोंड उघडलं, मिटलं, आणि माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "नक्की गेलाय ना गो तो?"

"गेलाय," मी म्हणाले. "बारा वर्षं झाली, बाय. त्याला नेला तेव्हा तू रस्त्याला उभी होतीस."

तिने मान हलवली. पुन्हा तोंड उघडलं. नाव येईना. मला ते घेता आलं असतं, चार अक्षरं तर होती, पण मागच्या बाईने पुढे जायचं नसतं, आणि मी गेले नाही. कापडाचं एक टोक वाऱ्याने फडफडत होतं.

शेवटी खालच्याने दोर हातावर घेतला आणि हळू आवाजात विचारलं, "हो गया, माताजी?"

लाडकूबायने पदर सारखा केला. "हो गया," म्हणाली, आणि कापड अंगावर येऊ नये म्हणून बाजूला झाली.